क्वाड बाइक घेण्याआधी जमीन पाहावी

महाड-पोलादपूर परिसरातील माळ, खाचरे, ओढे आणि डोंगरउतार लक्षात घेऊन स्पोर्ट क्वाड बाइकची निवड कशी करावी, ती कोठे चालवावी आणि कोठे मुळीच नेऊ नये, याविषयीची माहिती.

चार जाड टायर, मोटारसायकलसारखे हँडल आणि घोड्यावर बसावे तशी बैठक असलेली क्वाड बाइक आता शहरी वाचकांना अपरिचित राहिलेली नाही. नागाव, काशीदच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फेरी मारून आणणारी ही गाडी अनेकांनी पाहिलेली असते. काहींनी चालविलेलीही असते. रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागात, महाड-पोलादपूरकडे ज्यांची वडिलोपार्जित जमीन किंवा शेतघर आहे, अशा मुंबई-पुण्याच्या हौशी मंडळींच्या मनात मग साहजिकच विचार येतो, की अशी एखादी गाडी आपल्याही आवारात असावी. मात्र किनाऱ्यावरच्या सपाट वाळूत सोपी वाटलेली गाडी सावित्रीच्या खोऱ्यातील दगडधोंड्यांवर तशीच चालेल, हा समज चुकीचा आहे. किती सीसीचे इंजिन घ्यावे, हा प्रश्न बहुतेक जण आधी विचारतात. ती गाडी कोणत्या जमिनीवर चालणार, हा प्रश्न त्याच्याही आधी विचारावयास हवा. पुष्कळदा या प्रश्नाचे उत्तर मिळाले, की स्पोर्ट क्वाड घेण्याचा बेतच बदलावा लागतो.

स्पोर्ट क्वाड म्हणजे काय?

क्वाड बाइकचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिला कामाचा, म्हणजे युटिलिटी क्वाड. मागे-पुढे सामान ठेवण्याचे कॅरिअर, जमिनीपासून भरपूर उंची, बहुधा चारही चाकांना मिळणारी ताकद आणि आपोआप बदलणारे गिअर ही त्याची लक्षणे. दुसरा प्रकार स्पोर्ट क्वाडचा. ही गाडी वजनाने हलकी, बुटकी व रुंद असते. तिची ताकद फक्त मागच्या दोन चाकांना मिळते. बहुतेक मोठ्या स्पोर्ट क्वाडना हाताचा क्लच, पायाचे गिअर आणि मागच्या चाकांसाठी चेन असते. थ्रॉटल मूठ पिळून नव्हे, तर उजव्या अंगठ्याने दाबून द्यावा लागतो. बैठक लांब दिसली तरी ती एकाच माणसासाठी असते. चालकाला पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे सरकता यावे, एवढ्यासाठीच ती लांब ठेवलेली असते.

या वाहनाचा इतिहास अर्धशतकाहून थोडा मोठा आहे. होंडा कंपनीने १९७० मध्ये तीन चाकांची यूएस ९० ही गाडी अमेरिकेत आणली. वळताना उलटण्याच्या प्रवृत्तीमुळे तीनचाकी गाड्यांचे अपघात वाढले आणि तेथील ग्राहक सुरक्षा आयोगाबरोबर झालेल्या समझोत्यानुसार १९८८ मध्ये त्यांची विक्री थांबली. तोवर सुझुकीने चारचाकी क्वाड बाजारात आणली होती आणि १९८५ मध्ये त्याच कंपनीच्या एलटी २५० आर या 'क्वाडरेसर'ने स्पोर्ट क्वाडचा स्वतंत्र वर्ग रूढ केला. यामाहाची ३५० सीसी दुहेरी सिलिंडरची बॅन्शी १९८७ ची. आज जगभर ओळखीच्या असलेल्या गाड्यांत यामाहाच्याच वायएफझेड ४५० आर आणि रॅप्टर ७०० आर यांचा समावेश होतो. डाकार रॅलीत २००९ पासून २०२४ पर्यंत क्वाडचा स्वतंत्र गट होता आणि त्यात रॅप्टर ७०० चा वरचष्मा राहिला. भारतात पोलारिस कंपनीने २०११ मध्ये पाऊल ठेवले. पुढे सुझुकीनेही क्वाडस्पोर्ट झेड ४०० ही ३९८ सीसीची स्पोर्ट गाडी आणि ओझार्क २५० ही २४६ सीसीची हलकी कामाची गाडी येथे विक्रीस आणली. या गाड्या रस्त्यावर चालविण्यासाठी नाहीत, हे कंपन्यांनी सुरुवातीपासूनच स्पष्ट केले होते.

वर्ग आणि त्यांची जमीन

स्पोर्ट क्वाडमध्येही पोटप्रकार आहेत आणि प्रत्येकाची जमीन ठरलेली आहे.

मोटोक्रॉस वर्ग : साधारण ४५० सीसी. तयार केलेल्या मातीच्या मार्गावर उड्या मारीत वेगाने फिरण्यासाठी ही गाडी बनविलेली असते. वायएफझेड ४५० आर ही सुमारे १२४ सेंटिमीटर रुंद असून पेट्रोलसह तिचे वजन १८४ किलोच्या घरात आहे. इंजिनाची खरी ताकद वरच्या फेऱ्यांत मिळते. त्यामुळे दगडांतून हळूहळू वाट काढण्यास ती फारशी उपयोगाची नाही.

मोकळ्या माळाचा व वाळूचा वर्ग : यात ७०० सीसीपर्यंतची इंजिने येतात. सरळ धावपट्टी, वाळवंट, टेकड्यांची वाळू अशा ठिकाणी या गाड्यांचे गुण दिसतात. नवशिक्यासाठी हा वर्ग नाही.

पायवाटेचा, म्हणजे ट्रेल वर्ग : २५० ते ४०० सीसी. ताकद मध्यम आणि कमी वेगालाही मिळणारी, सस्पेन्शन मऊ, देखभाल सोपी. कोकणातील खासगी माळावर स्पोर्ट क्वाडच हवी असेल, तर विचार याच वर्गाचा करावा.

मुलांचा वर्ग : ५० ते ९० सीसी. अमेरिकेत रूढ असलेल्या संकेतानुसार ९० सीसीहून मोठी क्वाड १६ वर्षांखालील मुलाच्या हाती देऊ नये. आपल्याकडे ११० किंवा १२५ सीसीच्या छोट्या चणीच्या गाड्या सर्रास मुलांसाठी म्हणून घेतल्या जातात, त्यांच्याबाबत हे विशेष ध्यानात ठेवावे. गाडी दिसायला लहान असली म्हणून ती मुलाला पेलते, असे नाही.

मागचा आस आणि वळणाचे गणित

स्पोर्ट क्वाडचे वागणे समजून घ्यावयाचे, तर तिचा मागचा आस समजून घ्यावा लागतो. मोटारीला डिफरन्शियल असल्यामुळे वळताना बाहेरचे चाक जास्त व आतले कमी फिरते. स्पोर्ट क्वाडच्या मागच्या बाजूला एकसंध आस असतो. दोन्ही चाके सारखीच फिरतात. म्हणून वळताना एक चाक थोडे घसरावेच लागते. सुट्या मातीवर वा मुरुमावर ते सहज घसरते आणि गाडी वळते. डांबरावर किंवा काँक्रीटवर टायर घट्ट पकड घेतात. गाडी सरळ जाऊ पाहते आणि चालकाने जोर केला तर उलटू पाहते. या टायरमध्ये हवाही अवघी ४ ते ५ पौंड असते, मोटारीच्या टायरमध्ये असते त्याच्या सुमारे सहावा-सातवा हिस्सा. क्वाड डांबरी रस्त्यावर नेऊ नये, हा नियम केवळ कायद्याचा नाही, तो यंत्राच्या रचनेतून आलेला आहे.

याच आसामुळे दुसरी अडचण उद्भवते. चेनचा स्प्रॉकेट आणि मागच्या ब्रेकची चकती आसावर मधोमध बसविलेली असतात आणि ती जमिनीच्या फार जवळ येतात. रॅप्टर ७०० आरची जमिनीपासूनची किमान उंची सुमारे ११ सेंटिमीटर आहे. पोलारिस स्पोर्ट्समन ५७० या कामाच्या गाडीची उंची सुमारे २८ सेंटिमीटर आहे. नारळाएवढा गोटा दुसरीखालून निघून जातो, पहिलीच्या मात्र स्प्रॉकेटवर आदळतो. महाड-पोलादपूरकडे गाडी नेणाऱ्याने हे दोन आकडे लक्षात ठेवले, तरी निवडीचे निम्मे काम झाले असे समजावे.

महाड-पोलादपूरची जमीन

हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याशी आहेत. महाबळेश्वरी उगम पावणारी सावित्री पोलादपूरवरून महाडला येते. तेथे तिला गांधारी आणि काळ नद्यांचे पाणी मिळते आणि पुढे दासगावकडे खाडीचा प्रदेश सुरू होतो. पूर्वेला वरंध आणि आंबेनळी हे घाट, दक्षिणेला कशेडी. पावसाळ्याच्या चार महिन्यांत येथे ३ हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि मार्चपासून मेपर्यंत पारा ४० अंशांच्या आसपास जातो. एवढ्याशा टापूत चार-पाच प्रकारची जमीन आढळते.

नदीकाठची खाचरे : गाळाची, चिकण, पावसात पोटरीपर्यंत रुतणारी ही जमीन. भात कापून झाल्यावर ती मोकळी दिसते, परंतु ती मोकळी असतेच असे नाही. उरलेल्या ओलीवर अनेक शेतकरी वाल, पावटा, हरभरा घेतात. खाचराचा बांध फुटला, तर पुढच्या पावसाळ्यात पाणी साचत नाही आणि भाताचे नुकसान होते. क्वाडचे चाक बांधावरून दोन-तीनदा गेले, तरी त्याची कड ढासळते. स्वतःच्या खाचरात फिरवायचीच असेल, तर उन्हाने जमीन पूर्ण कडक झाल्यावर आणि बांध टाळून फिरवावी. चिखलात मागच्या दोन चाकांची स्पोर्ट क्वाड लवकर रुतते. तेथे चारही चाकांना ताकद देणारी कामाची गाडीच चालते.

वरकस माळ : नाचणी-वरीची, मुरमाड, पातळ मातीची ही जमीन टेकड्यांच्या माथ्यावर व मंद उतारावर असते. नोव्हेंबरपासून मेपर्यंत ती कोरडी व टणक राहते. या परिसरात स्पोर्ट क्वाडला खऱ्या अर्थाने शोभणारी जमीन हीच. २५० ते ४०० सीसीची ट्रेल वर्गातील गाडी, बोथट गोट्यांना दाद न देणारे जाड भिंतींचे टायर आणि इंजिनाखाली व मागच्या आसाखाली ॲल्युमिनियमचा संरक्षक पत्रा, एवढी तयारी येथे पुरते. फेब्रुवारीनंतर गवत वाळलेले असते. गरम सायलेन्सरपाशी अडकलेले गवत पेटू शकते आणि माळावरचा वणवा बघता बघता आंब्या-काजूच्या बागेत शिरतो. सायलेन्सरला ठिणगी अडविणारी जाळी असावी आणि दर फेरीनंतर अडकलेले गवत काढावे.

ओढे आणि नदीपात्रे : हिवाळ्यानंतर कोरडी पडणारी पात्रे रुंद मार्गासारखी दिसतात. त्यांत गोल, गुळगुळीत, सुटे गोटे असतात. स्पोर्ट क्वाडचे खालचे भाग येथेच तुटतात. पाण्यातून जाणे तर आणखी धोक्याचे. हवा ओढण्याच्या नळीपर्यंत पाणी पोहोचले, की ते इंजिनात शिरते व दुरुस्तीचा खर्च मोठा येतो. पावसाळ्यात डोंगरात पाऊस झाला, की खाली ऊन असतानाही ओढ्याला लोंढा येऊ शकतो. सावित्रीच्या पुराचे बळ किती असते, ते २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा जुना पूल वाहनांसह वाहून गेला, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने पाहिले आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ओढ्यात गाडी घालण्याचा विचारही करू नये.

डोंगरउतार : घाटातील मोटाररस्ता साधारणपणे १०० मीटरला ५ ते ७ मीटर चढतो. क्वाडच्या वापर-पुस्तिकांत बहुधा १५ ते २५ अंशांच्या चढाची मर्यादा दिलेली असते. १५ अंश म्हणजे १०० मीटरला सुमारे २७ मीटरचा चढ. ऐकायला हे पुष्कळ वाटते, परंतु रायगडाच्या आसपासच्या किंवा वरंधच्या पायथ्याच्या अनेक वाटा यापेक्षा उभ्या आहेत. चढावर इंजिन बंद पडले आणि गाडी मागे घरंगळू लागली, की घाबरून मागचा ब्रेक दाबला जातो. पुढची बाजू उचलली जाते आणि गाडी चालकाच्या अंगावर पडते. आडव्या उतारावर, म्हणजे डोंगराच्या कडेने जाताना, खालच्या बाजूला कलंडण्याचा धोका असतो. गावकऱ्यांच्या पायवाटा क्वाडपेक्षा अरुंद असतात. तेथे एक चाक वाटेवर आणि दुसरे कडेवर, अशी अवस्था होते.

उताराचा आणखी एक विचार

दरडींच्या बाबतीत या दोन तालुक्यांचा अनुभव फार कटू आहे. जुलै २००५ मधील अतिवृष्टीत महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहण आणि पोलादपूर तालुक्यातील कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी महाडमधील तळिये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक जणांचा बळी गेला. त्याच सुमारास पोलादपूरमधील केवनाळे व सुतारवाडी येथेही दरडींनी माणसे मरण पावली. या दुर्घटना अतिवृष्टीने घडल्या. त्यांचा क्वाड बाइकशी काहीही संबंध नाही. परंतु कातळावर बसलेली खोल माती आणि तीन-चार दिवसांत कोसळणारा पाऊस, हे या भूमीचे स्वरूप त्यातून समजते. सरळ उताराच्या दिशेने पडलेल्या चाकोऱ्या पावसाळ्यात पाण्याचे पाट होतात, माती वाहून नेतात आणि घळ पाडतात. म्हणून स्वतःच्या जमिनीवर मार्ग आखतानाही तो उताराच्या रेषेत न आखता वळणावळणाने, पाणी बाजूला काढून देत आखावा. घरांच्या वरच्या बाजूचा उतार तर पूर्ण सोडून द्यावा. पावसाळ्यात गाडी बंद ठेवणे सर्वांत श्रेयस्कर.

कोठे चालविता येईल?

मोटार वाहन कायदा १९८८ नुसार सार्वजनिक ठिकाणी वाहन चालविण्यासाठी त्याची नोंदणी आवश्यक आहे. रस्त्यासाठी मान्यता न मिळालेल्या क्वाडची नोंदणी होत नाही. त्यामुळे मुंबई-गोवा महामार्ग, महाड-रायगड रस्ता किंवा पोलादपूर-महाबळेश्वर घाटरस्ताच नव्हे, तर गावातला डांबरी रस्ताही तिला वर्ज्य आहे. गाडी छोट्या टेम्पोतून माळापर्यंत न्यावी लागते. स्पोर्ट क्वाडची लांबी बहुधा दोन मीटरांच्या आत असल्याने त्यात अडचण येत नाही. अल्पवयीन मुलाने रस्त्यावर वाहन चालविल्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला अथवा वाहनमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

येथे दोन खुलासे आवश्यक आहेत. क्वाड बाइक आणि क्वाड्रिसायकल या दोन भिन्न गोष्टी आहेत. क्वाड्रिसायकल म्हणजे बजाजच्या क्यूटसारखी छप्पर असलेली छोटी चारचाकी. तिला २०१८ मध्ये केंद्राने स्वतंत्र वर्ग म्हणून मान्यता दिली व ती रस्त्यावर चालते. त्या नावाचा आधार घेऊन क्वाड बाइकही चालते, असे सांगणाऱ्या विक्रेत्यावर विश्वास ठेवू नये. दुसरे असे, की पोलारिसने २०२० च्या सुमारास स्पोर्ट्समन ५७० चे ट्रॅक्टर म्हणून नोंदणी होऊ शकणारे रूप भारतात आणले. ते कामाचे वाहन आहे. ती सवलत स्पोर्ट क्वाडला लागू होत नाही.

रस्ता सोडला, तर जमीन कोणाची हा प्रश्न येतो. राखीव वनात परवानगीशिवाय प्रवेश करणे हा भारतीय वन अधिनियम १९२७ नुसार गुन्हा आहे. डोंगरावरचे मोकळे दिसणारे क्षेत्र पुष्कळदा वनखात्याचे असते. सातबारा आणि गावनकाशा पाहिल्याखेरीज हद्द कळत नाही. आंबेनळीच्या वर गेले, की महाबळेश्वर-पाचगणीचे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र सुरू होते. रायगड किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. गायरानावर गावाची गुरे चरतात. तेथे भरधाव गाडी नेणे कायद्याच्या आधी गावकीच्या रोषास कारण ठरते.

किनाऱ्यावर गाडी नेण्याचा बेत असेल, तर तोही जपून करावा. वाळूत स्पोर्ट क्वाड उत्तम चालते, हे खरे. परंतु हरिहरेश्वर, दिवेआगर आणि पलीकडच्या रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ही घरटी वाळूखाली असतात व वरून दिसत नाहीत. क्वाड चालविण्याचा हंगामही नेमका हाच. कासवांच्या विणीच्या जागांना किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत सर्वाधिक संरक्षण आहे.

थोडक्यात, स्वतःचा किंवा मालकाच्या संमतीचा वरकस माळ, हीच या परिसरातील निर्वेध जागा. पैसे घेऊन पर्यटकांना फेऱ्या मारू द्यावयाच्या असतील, तर तो व्यवसाय ठरतो. त्यासाठी जमिनीच्या अकृषिक वापराची परवानगी आणि राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडील नोंदणी यांची चौकशी आधीच करावी.

गाडी निवडताना

इंजिन : पहिली गाडी घेणाऱ्या प्रौढाने २५० सीसीच्या आसपास सुरुवात करावी. मोटारसायकल चालविण्याचा अनुभव येथे निम्माच कामी येतो. किंबहुना तो कधी कधी नडतो. मोटारसायकल झुकवून वळवितात. क्वाड झुकत नाही, चालकाला आतल्या बाजूस झुकावे लागते.

थंड ठेवण्याची व्यवस्था : एप्रिल-मेच्या उन्हात चढावर कमी वेगाने चालताना हवेवर थंड होणारे इंजिन लवकर तापते. रेडिएटर असलेली गाडी महाग पडते, पण या हवेत ती उपयुक्त ठरते. मात्र रेडिएटर चिखलाने व गवताने बुजू देऊ नये.

गिअर व रिव्हर्स : सर्वच स्पोर्ट क्वाडना रिव्हर्स गिअर नसतो. शर्यतीसाठी बनविलेल्या अनेक गाड्यांत तो वगळलेला असतो. अरुंद वाटेत १८०-१९० किलोची गाडी हाताने मागे ओढण्याची वेळ येऊ द्यायची नसेल, तर रिव्हर्स असलेलीच गाडी घ्यावी.

टायर : मऊ मातीला उंच व विरळ दातांचे, मुरमाला बसक्या व दाट दातांचे, वाळूला वल्ह्यासारखे पट्टे असलेले टायर. वाळूचे टायर दगडावर काही तासांत फाटतात. हवा मोजण्यासाठी कमी दाबाचे वेगळे गेज लागते. पेट्रोल पंपावरचे गेज ४-५ पौंडांतला फरक नेमका दाखवीत नाही.

भार : अनेक स्पोर्ट क्वाडची भारक्षमता १०० किलोच्या आसपासच असते. वजनदार चालक आणि पाठीवरची पिशवी यांनीच ती संपते. मागे दुसरा माणूस बसविला, तर चालकाला सरकायला जागा उरत नाही आणि चढावर सारा भार मागच्या आसामागे जातो. किनाऱ्यावर दोन-तीन जणांना बसवून फिरविताना दिसतात म्हणून ते योग्य ठरत नाही.

माप : पावठ्यांवर उभे राहिल्यावर बैठक आणि शरीर यांत मोकळी जागा राहिली पाहिजे, हँडल पूर्ण वळविल्यावर बाहेरचा हात सरळ ताणला जाता कामा नये, अंगठा थ्रॉटलवर विनासायास पोहोचला पाहिजे.

सुटे भाग : चेन, क्लच प्लेट, ब्रेक पॅड, एअर फिल्टर, आसाचे बेअरिंग हे सतत लागणारे भाग कोठे व किती दिवसांत मिळतात, ते खरेदीपूर्वी लेखी विचारावे. महाडच्या गॅरेजात मोटारसायकलचा मिस्त्री इंजिन उघडू शकेल, पण परदेशी गाडीचा भाग मुंबई-पुण्याहून अथवा परदेशातूनच यावा लागतो. तांबड्या धुळीमुळे एअर फिल्टर दर एक-दोन फेऱ्यांनंतर धुवावा लागतो.

जुनी गाडी : आयात केलेली असेल, तर सीमाशुल्क भरल्याची कागदपत्रे, चासी क्रमांक आणि मूळ बिल ताडून पाहावे. मागचा आस वाकलेला नाही ना, हे चाक उचलून फिरविल्यावर लगेच कळते. चासीवर नव्याने वेल्डिंग केलेले दिसल्यास ती गाडी घेऊ नये.

सुरक्षा

क्वाडच्या प्राणघातक अपघातांत गाडी उलटणे हे प्रमुख कारण आहे. ऑस्ट्रेलियाने याच कारणासाठी २०१९ मध्ये सक्तीचे मानक जाहीर केले. ११ ऑक्टोबर २०२१ पासून तेथे नव्या कामाच्या क्वाडना उलटल्यास चालकाला वाचविणारी संरक्षक चौकट बंधनकारक झाली. स्पोर्ट क्वाडला ती अट नाही. त्यामुळे तिच्या चालकाचे संरक्षण त्याच्या अंगावरच्या साहित्यावर आणि सावधगिरीवर अवलंबून राहते. संपूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट, गॉगल, घोट्याच्या वरपर्यंतचे बूट, हातमोजे, छाती-पाठीचे कवच आणि इंजिन तात्काळ बंद करणारी मनगटाला बांधायची दोरी, हा खर्च गाडीच्या किमतीतच धरावा.

एकट्याने डोंगरात जाऊ नये. पोलादपूरच्या अनेक खोऱ्यांत मोबाइलला रेंज नसते. गंभीर जखमीला मुंबईला किंवा पुण्याला हलवावयाचे, तर महामार्गाचा वा घाटाचा काही तासांचा प्रवास असतो. नोंदणी नसलेल्या गाडीला रस्त्यावरील वाहनासारखे विमासंरक्षण मिळत नाही. वैयक्तिक अपघात विम्यातही साहसी खेळ वगळलेले असू शकतात; कलमे आधी वाचून घ्यावीत.

खरेदीपूर्वी स्वतःला विचारावयाचे प्रश्न

१. गाडी जेथे चालणार, त्या जमिनीचा सातबारा कोणाच्या नावे आहे?
२. ती जमीन वर्षातून किती महिने कोरडी व मोकळी असते?
३. वाटेवरचे गोटे ११ सेंटिमीटरपेक्षा मोठे आहेत काय?
४. सर्वांत उभा चढ १५ अंशांच्या आत आहे काय?
५. गाडी तेथवर नेण्यासाठी वाहन आणि ठेवण्यासाठी बंदिस्त जागा आहे काय?
६. चालविणारा एकटाच असेल ना आणि तो १६ वर्षांवरील आहे ना?

पहिल्या दोन प्रश्नांची समाधानकारक उत्तरे नसतील, तर गाडी घेण्यात अर्थ नाही. तिसऱ्या व चौथ्या प्रश्नांची उत्तरे प्रतिकूल असतील, तर स्पोर्ट क्वाडऐवजी उंच, चारही चाकांची कामाची गाडी घ्यावी. खत, पाण्याची पिंपे आणि आंब्याच्या पेट्या वाहण्याच्या कामी तरी ती येईल. सर्व उत्तरे अनुकूल असतील, तर महाड-पोलादपूरच्या माळावर नोव्हेंबरच्या सकाळी ४०० सीसीच्या आतली एखादी साधी स्पोर्ट क्वाड मनमुराद आनंद देऊ शकते. त्यासाठी मोठे इंजिन लागत नाही.